सरकी

माझ्या कपाळावरची बॅटरी सरकारी नाही.
सरकारी दिवा पोळ्यापासून बंद,
तीन पत्रं गेली, एकाची पोच आली.
ही जंगू टेकामची,
रानडुकरांवर रोखायची.
मचाणावरून उतरून तो रात्री दोनला आला
कान धरून, सायकल एका हाताने ओढत:
"बाई, डोक्यात कोनीतरी डफ वाजवून रायलं."
सोबतचे म्हणाले, चिमटा घाला.
मी म्हटलं, आधी तेल.
जिवंत किडा ओढायला गेलं
की तो पुढे पळतो, पडद्याकडे.
जवसाचं तेल, वाटीत कोमट केलेलं, चार थेंब.
जंगू कुशीवर, डोळे माझ्या चपलांवर.
डफ वाजत राहिला, अडखळला, मग
"थांबलं,"
आणि तो इतका गप्प झाला
की बाहेर हापशाची कडी हलली तीही मला ऐकू आली.
झुरळ निघालं, गव्हाएवढं.
बॅटरी तो ठेवून गेला.
"डुकरं आवाजानं हाकलीन, बाई. आता आयकू येते न."

मे महिन्यात घोळणे फुटतात.
शाळेच्या पटांगणातून, लग्नाच्या मांडवातून
मान मागे टाकून आणतात,
नाकाशी फोडलेला कांदा.
मी आधी मान पुढे करते.
रक्त गिळू नका. बसा.
नाकाचा मऊ भाग चिमटीत,
हाडावर नाही, खाली, अजून खाली.
दहा मिनिटं. मधेच सोडून बघायचं नाही.
एका नवरदेवाने ती माझ्या घड्याळात बघत काढली,
बाहेर बँडवाले तेच गाणं तिसऱ्यांदा वाजवत होते.

एक जानेवारी आहे, ती मी सांगत नाही.
शेंगदाणा. अकरा महिने.
पालथा, पाठीवर पाच.
उताणा, छातीवर पाच.
पुन्हा पालथा.
यवतमाळ सत्तर किलोमीटर, मधे पूल खोदलेला.
तेव्हापासून तान्ह्याच्या घरी गेले
की मी आधी जमीन बघते, मग बाळ.

काल संध्याकाळी सरकी.
इस्तारीची दिव्यानी, चार वर्षांची,
कापसाच्या गंजीवर लोळता लोळता
एक उचलली, घातली उजव्या नाकपुडीत.
आई माहेरी, मारेगावला.
बाप एकटा, गालात खर्रा.
चिमटा लावला तर सरकी आत सरकते,
ओलीने फुगते, पोर लाथा झाडते.
एक उपाय आहे, तो आईने करायचा म्हणतात.
"चूळ भर," मी इस्तारीला म्हटलं.
"काहाले?"
"तीनदा भर."
हापशावरून परत आला, ओठ लालच.
सांगितलं: ही दुसरी नाकपुडी मी दाबते,
तू तिच्या तोंडाला तोंड लाव, घट्ट,
आणि फुंक. एकदाच, चिमणी विझवल्यासारखी.
तो उभाच.
"बाई, म्या तिची कधी पप्पी घेतली नाई."
"घे."

जंगूचा उजेड दोघांच्या कपाळांवर.
पहिल्या फुंकेला दिव्यानी हसली, वारा गळाला.
दुसरी त्याने भीत भीत दिली,
जसं कोणी दुसऱ्याचं दार वाजवतं.
तिसरीला डोळे मिटले त्याने
आणि सरकी माझ्या चष्म्यावर, शेंबडासकट.

"माही सरकी दे," ती म्हणाली.
दिली नाही. ट्रेमध्ये पडून आहे, तूस ओलं.
नोंदवहीत लिहिलं: उजवी नाकपुडी, बी, काढली.
'कोणी' या रकान्यात पेन जरा थांबलं.
मग सवयीने दुसरी नाकपुडी पाहिली, उजवा कान पाहिला,
एक घालणारं पोर एकावर थांबत नाही.
डाव्या कानात ज्वारीचा दाणा,
केव्हाचा, कोण जाणे.

मी काही बोलायच्या आत
इस्तारी निघालासुद्धा हापशाकडे,
चूळ भरायला.