मानेपाशी

आधी वाटलं, काचच नडतेय.
टेबलावरच्या काचेखाली पेडणेकरांनी
दरपत्रक, साईबाबा आणि गेल्या सालचं कॅलेंडर सरकवलंय,
आणि काचेवर माउसला दिसत नाही
हे मला नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कळलं.
तेव्हापासून खाली एक लग्नपत्रिका ठेवते,
मुहूर्ताची तारीख चुकली म्हणून
गठ्ठ्यासकट परत आलेल्यांतली.
आज बाण पत्रिकेवरही हलेना.

समोर स्टुलावर धर्माजी तांडेल, मुक्काम करंजा, तालुका उरण.
बायको रस्त्यापलीकडे, केईएममध्ये.
वॉर्डाचा नंबर बॉलपेनने तळहातावर लिहिलेला.
ट्रस्टला मदतीचा अर्ज, दोन प्रती,
वर उजव्या कोपऱ्यात रुग्णाचा फोटो.
मजकूर मी बटणांवर रेटला असता,
फोटो चौकटीत बसवायला माउसच लागतो.
ट्रस्टची खिडकी एकला बंद.
भिंतीवर सव्वाबारा.

उपटला, दुसऱ्या भोकात खुपसला.
मशीन बंद करून चालू केलं.
ती दोन मिनिटं आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो
जसं ऑपरेशनच्या दारावरच्या लाल दिव्याकडे...
नको. त्याच्यासमोर ही उपमा नको.

उलटा केला. भिंगावर एक केस,
माझाच, अर्धा पांढरा. फुंकून काढला.
तरी नाही.
स्टिकरखाली लपवलेला स्क्रू फिरवला,
झाकण उचललं तर आत चकलीचा चुरा,
चाकाला गुंडाळलेला धागा,
आणि बोटांचा मळ, काळा, चिकट,
एवढी वर्षं दुसऱ्यांचे अर्ज, बारशी, तेरावी
दाबून दाबून साचलेला.
लाज वाटली, जसं पाहुण्यासमोर मोरी उघडी राहावी.

तांडेल वाकून बघत होता.
म्हणाला, ती दोरी हलव जरा, बाय.
दोरी मदी तुटत नाय. गाठीशी तुटते.

हलवली.
दिवा लागला, गेला, लागला.
मानेपाशी, जिथे ती दिवसभर वाकत असते,
वरून धडधाकट, आतून तुटलेली.

चार बोटं कापून टाकली.
लाल, पांढरी, हिरवी, काळी:
नखाने सोललेल्या चार शिरा.
भावाची सोल्डरिंग गन खणात होतीच,
तो रेडिओ दुरुस्त करायचा त्या काळातली.
माझा हात कापत होता.
त्याने न विचारता वायर धरली,
मिठाने भेगाळलेली दोन बोटं,
धूर नाकात गेला तरी जागची हलली नाहीत.
मग सदऱ्याच्या खिशातून निळा नायलॉन काढला,
जाळ्याचा, आणि मानेभोवती गुंडाळून
एक गाठ मारली, मला न येणारी.

बारा अठ्ठेचाळीस. बाण सरकला.
फोटो कुणाच्यातरी हळदीतला होता.
बाजूच्या बाईचा खांदा कापला,
मागचा मांडव कापला,
उरली ती हसत होती, चौकटीत मावेना,
जरा लहान केली.
टक.
टक.
दोन प्रती.

इथे मी पैसे घेतले नाहीत असं लिहायला हवं.
घेतले. चाळीस रुपये.
पेडणेकर संध्याकाळी कागद मोजतात.
त्याने ते मोजून दिले आणि चप्पल हातात घेऊन
रस्ता ओलांडला, पळत.

आता शनिवारी पाच मिनिटं देते त्याला.
कापूस, स्पिरिट, भिंगाला कोरडा बोळा,
चाकातला धागा दातकोरणीने.
निळी गाठ अजून सैल पडलेली नाही.

तांडेल पुन्हा अर्ज करायला आला नाही.
याचे दोन अर्थ होतात.
मी कुणाला विचारत नाही.

लॅमिंग्टन रोडला अडीचशेत नवा मिळतो, पेडणेकर म्हणतात.
चालतोय ना, मी म्हणते.
वायर तेवढी आखूड झालीय,
म्हणून खुर्ची जरा पुढे ओढून बसते.