डाव्या हाताला पाणी

मुलीनं सगळं लिहून पाठवलं होतं.
जिलाँगला गाडी भाड्यानं, सात दिवस.
टाकी भरलेली घ्यायची, भरूनच परत द्यायची.
पश्चिमेकडे निघायचं, म्हणजे समुद्र
डाव्या हाताला राहतो, आईच्या खिडकीशी.
तिकडेही आपल्यासारखंच, बाबा, डावीकडून चालवतात.

मी आरटीओतून बाहेरदेशी चालवायचा परवाना काढला.
पंचफुलानं पांढरे बूट घेतले
आणि सवय व्हावी म्हणून अंगणात रोज फेऱ्या मारल्या.
कोंबड्या बाजूला होत.

मग कागद आला.
छत्तीस वर्षं लाइनमन, पेन्शन, दीड एकर धान,
स्लॅबचं घर, सगळं जोडलं होतं.
कोण्या साहेबानं तरी लिहिलं,
हा माणूस परत जाईल असं मानायला
पुरेसं कारण दिसत नाही.

दोन दिवस आम्ही त्यावर बोललो नाही.
तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता ती म्हणाली,
“गाडी तं इथंही भाड्यानं भेटते ना?”

लांजेवारांचा भोजराज दिवसाचे बाराशे घेतो.
पांढरी वॅगनार. त्यानं मोबाइलवर
चारी बाजूंनी फोटो काढले, ओरखडा न् ओरखडा.
“काका, मंग वाद नको.”
तिकडेही असंच करतात, मुलीनं लिहिलं होतं.

मे महिना.
भंडाऱ्याहून पवनीकडे खाली निघालो,
म्हणजे धरणाचं पाणी डाव्या हाताला.
वाटेत तेंदूच्या पुड्या वाळत घातलेल्या,
पाणी कधी दिसे, कधी नुसता पळसांमागे उजेड.
ती काच खाली करून बसली. एसी वाया गेला.

सिरसघाटच्या फाट्याला मी वळलो.
तिनं विचारलं नाही कायले.
दोन्ही बाजूंनी बाभळी गाडीला घासत होत्या.
जुना डांबरी रस्ता सरळ पाण्यात जातो,
मधला पांढरा पट्टा थोडा वेळ तळाशी दिसतो,
मग नाही.

मुलीच्या फोटोत समुद्रात उभे खडक होते.
बारा म्हणतात, पडत पडत आठ उरलेत.
माझे सतरा होते, अकरा केव्हीचे.
सहा मोजले. एकावर पाणकावळा, पंख पसरून.

हे खांब मी उभे केले होते.
तारा उतरवायलाही मलाच पाठवलं.
शेवटचा जंपर मी भर दुपारी तोडला,
कोणाच्या घरी अंधार होताना
बघावा लागू नये म्हणून.

“तो वाकडा आमच्या आंगणातला,” ती म्हणाली.
मला माहीत होतं.
त्याच्या टोकावरून मी तिला पहिल्यांदा पाहिलं.
तिनं मला नाही, ती वासरामागं पळत होती.

वारा सुटला. लाटा म्हणाव्या एवढं काही नव्हतं,
पण काठाला काहीतरी येऊन आपटत होतं.
ती पट्ट्यावरून चालत चालत घोट्यापर्यंत आत गेली.
“बूट काढ ना!”
“मंग घेतले कायले होते?”

तेवढ्यात मुलीचा फोन. तिकडे संध्याकाळ.
कुठे आहात, म्हणाली.
“समुद्रावर,” असं सांगून
पंचफुलानं फोन पाण्याकडे फिरवला
आणि तसाच धरून ठेवला, हात दुखेपर्यंत.
पोरगी काही बोलली नाही.
मोजत असावी.

पवनीला टाकी भरली.
भंडाऱ्याला पोचलो तेव्हा भोजराज जेवत होता.
खरकट्या हातानंच टॉर्च घेऊन आला,
गाडीभोवती फिरला, डाव्या दाराशी वाकला.
पायपुसणी ओली आहे, म्हणाला.
आणि काका, हा ओरखडा नवा दिसते.

हो, म्हटलं. हा आमचा आहे.