मिनिटाला पंधरा

रात्री अकराला सांतान बुडबुडे मोजतो.
अठरा. जास्त झाले.
सुई पाव फेरा आत.
आता पंधरा.

नळकांड्यात मेलेल्या पोवळ्यांचा चुरा,
गॅसनं आंबटलेल्या पाण्यात
कणाकणानं विरतोय,
पलीकडच्या नळीतून थेंब थेंब
जिवंत पोवळ्यांच्या तोंडी.

बाप धुरीवाड्यात शिंपल्या भाजून चुना करायचा.
भट्टीसमोर असाच उकिडवा,
जाळ वाढला की शिव्या घालत.

फिलू दारातून म्हणते,
"दर्यो पन्नास पावलांर.
थंय कोण मोजता?"

तो परीक्षानळी हलवतो.
निळं. निळं. अजून निळं.
दोन थेंबांआधीच गुलाबी व्हायला हवं होतं.

उद्यापर्यंत सुईला हात लावायचा नाही, म्हणतो
आणि हात पाठीमागे बांधून
तिथंच उभा राहतो.