हरकत

मी, घनश्याम चुडामण झोपे,
वय एक्केचाळीस, धंदा नोकरी,
राहणार सावदा, तालुका रावेर,
सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की

इथं टायपिस्ट थांबला.
झोपे कसं लिहू? झेडनं का जे-एचनं?

माझ्या आधारवर झेड.
धाकट्याच्या जन्मदाखल्यावर जे आणि एच.
जिगीषाच्या शाळेनं नुसताच जे लावला,
म्हणजे ती जोपे.
एका परातीत भाकरी चुरणारी आम्ही माणसं
इंग्रजीत तीन घरची.

आणि बायको तर पासपोर्टवर अजून माहेरीच,
उज्ज्वला यशवंत भारंबे.
पोरांच्या दाखल्यांवर तिच्या नावातला एक ज
ग्रामसेवकानं खाल्ला,
तो परत मिळवायला दोन महिने,
चार फेऱ्या, आणि एकदा त्याच्या सासऱ्याचं तेरावं.

माझी आई जळगावला जयगाव म्हणते,
केळीला केयी, डोळ्याला डोया.
सत्तर वर्षांत तिच्याकडं कुणी
ळ आणि य एकच असल्याचं
प्रतिज्ञापत्र मागितलं नाही.

भीती मस्कतची नाही, म्हणते उज्ज्वला.
तिथं दवाखाना आहे, क्वार्टर आहे, बारा तासांची पाळी आहे.
भीती त्या काचेची,
जिच्यामागं बसलेला माणूस विचारेल,
ही मुलं तुमचीच कशावरून?
बाप कुठाय यांचा?
काय दाखवू त्याला? फैजपूरच्या दवाखान्यातले टाके?

म्हणून हा कागद.
कोर्टाच्या आवारात, झेरॉक्सवाल्याच्या पत्र्याखाली,
पाचशेचा स्टॅम्प, दोन फोटो, दोन साक्षीदार.
एक माझा हेल्पर अशपाक,
दुसरा स्टॅम्पवाल्याचा नेहमीचा.
त्यानं माझ्यासाठीही शपथेवर सांगितलं
की तो मला लहानपणापासून ओळखतो.

पुढचं वाक्य टायपिस्टला पाठ होतं:
सदर मुलांना त्यांच्या आईने परदेशी नेण्यास
माझी कोणतीही हरकत नाही.

हे तर मी रोज म्हणतो.
चहात साखर कमी पडली, हरकत नाही.
दिवाळीत ड्युटी लागली, हरकत नाही.
तिनं परीक्षा दिली, पास झाली, रात्री अकराला सांगितलं
कूलरच्या आवाजात,
तेव्हाही हेच म्हणालो, आणि कूस बदलली.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा
कुणी ते लिहून मागत होतं,
पाचशे रुपये घेऊन.

नोटरीनं मान वर न करता विचारलं,
खुशीनं देताय ना?
अशपाक माझ्याकडं बघायला लागला.
मी म्हणालो, सही कुठं करू?

मी लाइनमन आहे.
खांबावर चढण्याआधी मीही कागद घेतो,
अकरा केव्ही बंद केल्याचा, वेळेसकट.
वर असतो तोवर सगळं गाव अंधारात,
पंखे थांबलेले, गिरणी थांबलेली,
खालून कुणीतरी शिव्या देत असतं.
काम झालं की उतरायचं,
परमिट परत केल्याची सही करायची,
मग सोडतात लाइन.

हा कागद मी तीनदा वाचला.
नेण्याचं आहे त्यात, देशाचं नाव आहे,
दोन्ही पोरांच्या जन्मतारखा बरोबर आहेत.
परतीचा रकाना नव्हता.
टायपिस्टला विचारलं तर म्हणाला,
फॉरमॅट असाच येतो, दादा.

सावद्याच्या एसटीत धाकटा मांडीवर बसला.
शाईचा अंगठा माझा, पण त्याच्या गालाला लागला.
भुसावळ गेल्यावर त्यानं विचारलं,
पप्पा, हरकत म्हणजे काय?

खिडकीतून केळीच्या बागा पळत होत्या.
आडव्या झालेल्या एका वायरकडं बोट दाखवून
मी म्हणालो, ती बघ,
उद्या तिला ओढायला जायचंय.