आभारपत्राचा कच्चा खर्डा

माननीय विश्वस्त,
इथवर ठीक आहे.

तुमच्या ऑफिसातले सर म्हणाले, दहा ओळी पुरेत,
शाई निळी, खाली संपूर्ण नाव.
मागच्या वर्षीचा नमुनाही दिला त्यांनी.
त्यातल्या मुलीने 'दीपस्तंभ' दोनदा लिहिलंय.

मी हेमलता अंबादास कोडम,
एमबीबीएस, दुसरं वर्ष,
राहणार विडी घरकुल.
अर्जात आईच्या व्यवसायाचा रकाना होता,
मी 'गृहिणी' लिहिलं, मग व्हाइटनर लावून
वर 'विडी कामगार'.
व्हाइटनर चालत नाही म्हणाले.
नवीन फॉर्म, वीस रुपये,
आणि उत्पन्नाच्या दाखल्याला तीन खेपा,
सात रस्त्यापासून चालत, एप्रिलात.
तक्रार नाही. नोंद म्हणून.

चेक आला त्या दिवशी
अम्माने मांडीवरचं सूप न उतरवता विचारलं, एंत?
चाळीस हजार, मी म्हणाले.
तिला रुपये कळतात,
पण हजार म्हटलं की आधी विड्याच दिसतात.
ओठ हलले, बोटं थांबली नाहीत.
म्हणजे दोन लाख, ती म्हणाली. दोनशे दिवस.
आणि पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून
कात्री फिरवली.

गेल्या महिन्यात सिव्हिलला
छातीच्या वॉर्डात पोस्टिंग होती.
अक्कलकोटकडचे गुरुसिद्धप्पा,
नाव कन्नडमध्ये सांगितलं, वय मराठीत,
मधला दम कुठल्याच भाषेत नव्हता.
स्टेथोस्कोप पाठीला लावला
(तुमच्याच निधीतला, पावती जोडली आहे)
तर आत कोरडं पान चुरगळल्यासारखा आवाज.
पुस्तकात त्याला दुसरं नाव आहे.

उशीखाली कट्टा होता. हिरवा दोरा.
गाठ ओळखीची.
अम्माचीच असेल असं नाही,
हिरव्या दोऱ्याच्या गाठी घरकुलात कितीजणी मारतात,
मीही मारल्यात, दहावीपर्यंत, रोज तीनशे.
सुनेला सांगू नका, ते म्हणाले.
सुनेला नाही सांगितलं.
मॅडमना सांगितलं.
परत येऊन हात धुतले,
नखांचा वास घेतला. डेटॉलचाच होता.

तुमच्या लेटरहेडवर हिरवी रेघ आहे,
हे मी आत्ता पत्र समोर ठेवल्यावर पाहिलं.
हे दहा ओळींत बसत नाही,
आणि बसवायचं कुठे तेही कळत नाही,
कारण तो स्टेथोस्कोप नसता
तर तो आवाज मला ऐकूच आला नसता.

चांगलं पत्र लिहिलंय, वेगळ्या कागदावर.
अम्माला तेलुगूत करून वाचून दाखवलं.
तिने सगळं ऐकलं.
मग म्हणाली, बरंय. पण छाटीचं लिही.
हजारामागे पन्नास बाजूला काढतात,
ही सैल, ही वाकडी, हिचं तोंड उघडं,
त्यांचे पैसे देत नाहीत
आणि विड्याही परत देत नाहीत.
थोडी कमी काढा म्हणावं.
अम्मा, हे आभारपत्र आहे.
म्हणून तर, ती म्हणाली. हे ते वाचतील.

रात्री वाया गेलेल्या फॉर्मच्या पाठीवर
हिशेब मांडला.
रोज पन्नास,
वर्षाचे दोनशे ऐंशी दिवस धरून,
बावीस वर्षं.
तीन लाख आठ हजार.
चूक असेल म्हणून पुन्हा गुणलं.
तेवढेच.

आता दहावी ओळ राहिली.
नमुन्यात इथे 'सदैव ऋणी' आहे.
अम्मा म्हणते, दिवा तुझ्यासाठी ठेवलाय,
आणि त्याच उजेडात
उद्याची भिजलेली पानं कापत बसली आहे.
मी 'सदैव'पर्यंत आले आहे.
पुढच्या शब्दातला णी
ऱ्हस्व की दीर्घ,
एवढंच अडलंय.