चालू स्थितीत

अठ्ठावीस वर्षं शिराळा डेपोला कंडक्टर होतो.
बोटांना सवय पंचाची:
दाबलं की टक्, तिकिटाला भोक.
मधे काही नाही. वाट बघणं नाही.

रिटायर झालो. मणदूरच्या वरल्या अंगाला
दीड एकर भुईमूग केला
आणि पहिल्याच साली डुकरांनी
आमच्याआधी काढणी उरकली.

मग पीक-संरक्षणाचा परवाना,
चौदा महिने, सहा दाखले,
आणि शेवटी ठासणीची बंदूक,
दुकानातली सगळ्यात स्वस्त.
दुकानदार म्हणाला, 'नवीन आहात, शिकायला ही बास.
हात बसला की मग चांगली घ्या.'
पटलं मला.
नातवाला आधी आपण
जुनीच सायकल देतो की.

गज आत घातला, तर चार बोटं कमी.
घोडा हलायचा पडायला आलेल्या दातासारखा.
टोपी निपलावर बसेना,
चिमटीत दाबून बसवली तर
घोडा पडूनही फुटेना.
माशी डावीकडं कललेली.
दस्ता आंब्याचा, वर काळं पॉलिश;
श्रावणात ते पॉलिश माझ्या गालाला आलं
आणि दस्त्याला फट दिसली.

मला वाटलं, माझंच चुकतंय.
डोळा गेला. हात कापतो.
दारू कमी पडली असंल, नाहीतर ज्यादा.
शेवंता भाकरी थापत म्हणाली,
'गाडीचा ब्रेक लागत नव्हता तवा
शिव्या पॅसेंजरला घालत होता का?'
'डेपोला घालत होतो.'
'मग?'
मी उत्तर दिलं नाही.
तिला बंदुकीतलं काय कळतंय, असं
मनात म्हणून जेवलो.

अमावस्येच्या मागंपुढं चार डुकरं आली.
मी घोडा चढवला, दाबला.
टक्.
अगदी पंचासारखा आवाज.
पुढं काहीच नाही.
मी बंदूक खाली घेतली,
डब्यात आमटी उरली का बघावं
तसं तोंड वळवून बघणार,
एवढ्यात माळ्यावरनं शेवंता: 'थांबा!'

खालच्या वस्तीवरलं कुत्रं दोनदा भुंकलं असंल.
तेवढ्या वेळानं बार उडाला,
आपल्या मनानं,
माझ्या पायापासून हातभर लांब, बांधात.
कानात बराच वेळ शिट्टी.
डुकरांनी माना वर केल्या,
जरा बघितलं,
आणि परत शेंगांवर बसली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या यष्टीनं सांगली गाठली.
कापडपेठेच्या मागं दस्तगीर शिकलगार.
त्यानं नळी उन्हात धरली,
नखानं एक रेघ दाखवली, लांबच्या लांब.
'हा सांधा बघितला? पायपाला असतो असला.
जाणत्याला दिली तर आवाजावरनं ओळखून
कोपऱ्यात उभी करील.
नवख्याला कसं कळणार, कंडक्टरसाहेब,
चूक त्याची कुठली न हिची कुठली?
नवख्याला आधी चांगली पाहिजे.
हे दुकानवाले उलटं सांगत्यात.'

दुरुस्त कर म्हणालो. नाही म्हणाला.
पैशाचं बोललो, तर
पिशवीतला माझा विळा काढून
धार लावून दिली. त्याचे वीस घेतले.

येताना खिडकीला बसलो. पेठ नाक्यापर्यंत
हिशेब करत होतो, बारा हजारांचा नाही,
त्या दोन भुंकण्यांचा.

परवा निवडणूक लागली.
बंदुका जमा करायला कोकरूड ठाण्यात रांग.
हवालदारानं रकाना वाचला,
'चालू स्थितीत?'
म्हणालो, 'चालती. पण तिला वाटंल तवा.'
त्यानं लिहिलं: चालू.
म्हणालो, 'भिंतीकडं तोंड करून ठेवा.'
तो हसला, आणि मी हसत नाही बघून
खरंच भिंतीकडं वळवून ठेवली.

पावती दिली त्यानं.
सवयीनं मी ती उजेडाला धरली,
भोक पडलंय का बघायला.