पाणी बदललं का?

ऑगस्टात मुहर्रकमध्ये
निळ्या खुणेच्या नळातून चटका येतो.
गच्चीवरची टाकी दिवसभर उकळत असते.
म्हणून गीझर बंद ठेवायचा,
आणि त्याच्या पोटात निवलेलं पाणी
लाल खुणेच्या नळातून फुलांना द्यायचं.
इथे शिकलेली ही पहिली उलटी गोष्ट.

दुसरी, माझी नोकरी.
बाहेर सेहेचाळीस, आत दोन अंश.
विमानतळाच्या शीतगृहात रात्रभर
कानटोपी घालून मी केनियाचे गुलाब मोजतो.
ज्या खोक्याचा कोपरा चेपला
ते गिऱ्हाईक घेत नाही.
मोतालेब त्यावर 'बाद' लिहितो
आणि मुद्दाम दुसरीकडे बघतो.

पहाटे पाचला मी दारात,
बगलेत वीस गुलाब,
सोयरिकीला आल्यासारखा.
सेलीन युनिफॉर्मला इस्त्री फिरवत असते.
'आज काय?'
'पिवळे.'
'बादलीत ठेव.'
सव्वापाचला तिची हॉस्पिटलची बस.

पुढचं मी एकटा करतो.
देठ पाण्याखाली धरून कापायचा, तिरका,
सुरीने. कात्री नस चेपते.
हे बा सांगायचा,
भुईगावच्या वाडीत रात्री तीनला
बत्तीच्या उजेडात सोनचाफा खुडताना :
बाजार येईपर्यंत
आपल्याला तोडलंय हे
फुलाला कळता कामा नये.

पाण्यात बुडतील ती पानं काढायची.
चमचाभर साखर, अर्धं लिंबू,
दोन थेंब क्लोरॉक्स.
शेजारी केळी नकोत,
पिकत्या केळ्यांनी फुलांना घाई सुटते.
एसीच्या झोतात नको,
खिडकीत तर नकोच. त्या उन्हात परवा
प्लास्टिकची मरियामाता कमरेत वाकली.

वरच्या मजल्यावरचा ससी चहाला येतो,
नेसकॅफेच्या बरणीकडे बघत राहतो.
'आपणही असेच रे. कापलेले, परक्या पाण्यात...'
मी विचारतो,
ससी, साखर किती?

संध्याकाळी सेलीन येते तेव्हा
मी निघून गेलेलो असतो.
रात्री पाणी ती बदलते, देठ बोटभर छाटते.
पहाटेच्या पंधरा मिनिटांत
माणूस काय काय सांगणार?
बाकीचं बरणीत दिसतं.
काप सरळ असला की ती दमलेली.
पानं ओट्यावर तशीच, म्हणजे वॉर्डात कुणीतरी गेलं.
एकदा मान मोडलेल्या गुलाबाला
आइस्क्रीमच्या काडीचा आधार होता,
वर हॉस्पिटलची चिकटपट्टी, नीट, दोन वेढे.
मी काही विचारलं नाही.
तो आणखी चार दिवस जगला.

किती दिवस टिकले, हे आम्ही
चर्चच्या कॅलेंडरवर मांडतो.
अकरा. तेरा. चौदा.
रमजानात एकदा सोळा.
मोतालेबला खोटं वाटतं.

मग हा शुक्रवार आला.
तिची सुट्टी आणि माझी,
मार्चनंतर पहिल्यांदा एकाच तारखेला.
सकाळी मिसा, येताना साफी मासे,
मग पडदे ओढून झोप,
चहा, पुन्हा झोप,
आणि मध्येच तिने सांगितलेला
तेरा नंबरच्या खाटेवरचा म्हातारा,
तिला आपल्या मुलीच्या नावाने हाक मारणारा.
ती म्हणाली, आता मी ओ देते.
शनिवारीही आम्ही
दाराबाहेर पाऊल टाकलं नाही.

रविवारी पहाटे दिवा लावला.
बरणीतलं पाणी ताकासारखं,
वास थेट मोरीचा.
पिवळ्या पाकळ्या टेबलावर, मिठाच्या वाटीत,
आणि बरणीला खेटून ठेवलेल्या
केळ्यांच्या फणीवर.

'पाणी बदललं नाहीस?'
'मला वाटलं, तू.'

खाली बसने दोनदा हॉर्न दिला.
ती एक चप्पल घालून हसत राहिली,
दुसरी सापडेना.

सहा दिवस.
आमच्या घरातला सगळ्यात छोटा आकडा.
तो मी कॅलेंडरवर लिहिला,
आणि भोवती, का कुणास ठाऊक,
एक गोल काढला.